पाण्याला घाबरलेली मुलगी



तुम्हाला पोहता येतं का? कुठे शिकलात? विहिरीत, नदीत की टँकवर बॅच लावून?

मला येत नव्हतं. पंचविशी गाठली तरी गुडघ्याच्या वर पाणी आलं की पोटात गोळा यायचा. शेवटी दोन महिन्यांपूर्वी मनाचा हिय्या करून सकाळची बॅच लावली. पहिल्या दिवशी चार फूट पाण्यात कडेची दांडी घट्ट धरून उभी राहिले, आणि शेजारी सात-आठ वर्षांची पोरं धपाधप उड्या मारत होती! लाज तर वाटलीच, पण हात काही सुटेना. त्या रात्री मोबाईलवर पाण्याच्या भीतीबद्दल काहीबाही वाचत बसले होते, तेव्हा निशा मिलेटची गोष्ट समोर आली. म्हटलं, आजच्या लेखात हीच सांगायची.

निशा पाच वर्षांची असताना पाण्यात बुडता बुडता वाचली. अशा प्रसंगानंतर बहुतेक घरांत काय होतं? "आता पाण्याजवळ फिरकायचं नाही," असं मुलांना बजावलं जातं. निशाच्या वडिलांनी उलट केलं. मुलीच्या मनातली भीती गेलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि १९९१ मध्ये चेन्नईतल्या शेनॉय नगरच्या क्लबमध्ये तिला स्वतः पोहायला शिकवलं. वर्षभरात, १९९२ मध्ये, तिने राज्य पातळीवर ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये पदक मिळवलं. म्हणजे मी दांडी सोडायला जितके दिवस घेतले, त्या हिशोबाने फारच झटपट!

पुढे बंगळुरू तिचं गाव झालं आणि भारतीय जलतरणात तिचं नाव गाजू लागलं. १०० मीटर फ्रीस्टाईल एका मिनिटाच्या आत पोहणारी ती पहिली भारतीय महिला. १९९९ मध्ये मणिपूरला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यात तिने १४ सुवर्णपदकं पटकावली. अर्जुन पुरस्कारही मिळाला.

मग आलं २००० सालचं सिडनी ऑलिम्पिक. भारताच्या जलतरण संघात ती एकटी मुलगी होती. तिची शर्यत होती २०० मीटर फ्रीस्टाईल, म्हणजे ५० मीटरच्या टँकच्या चार फेऱ्या. प्राथमिक फेरीत ती तिच्या गटात पहिली आली, तरीही उपांत्य फेरीत पोचली नाही. वाचून मी गोंधळले होते. पहिली आली मग बाहेर कशी? तर तिथे पोहणाऱ्यांचे गट त्यांच्या आधीच्या वेळेनुसार पाडतात. सगळ्या गटांमधल्या वेळा एकत्र मांडून सर्वांत वेगवान १६ जणी पुढे जातात. त्यामुळे आपल्या गटात सगळ्यांच्या पुढे हात टेकवूनही घरी परतावं लागू शकतं. अठरा वर्षांच्या मुलीला त्या क्षणी काय वाटलं असेल, कोण जाणे.

त्यानंतरची वर्षं कठीण गेली. २००२ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. त्यातून सावरून तिने २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकसाठी पुन्हा प्रयत्न केला, पण पात्रतेची वेळ अगदी थोडक्यात हुकली. सरावाचा खर्च घरच्यांवर पडत होता, तो आणखी किती ओढायचा हाही प्रश्न होताच. तिने स्पर्धात्मक पोहणं थांबवलं. वय जेमतेम बावीस.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. बाविसाव्या वर्षी आपण कॉलेज संपवून बायोडेटा लिहीत असतो. खेळाडूचं मात्र एक अख्खं करिअर तोवर संपलेलं असतं. क्रिकेट सोडलं तर आपल्याकडच्या बहुतेक खेळाडूंना त्यानंतर काय, याचं उत्तर एकट्यानेच शोधावं लागतं. पदकं कपाटात राहतात, महिन्याचा खर्च पदकांतून निघत नाही. कोणी रेल्वेत लागतं, कोणी पोलिसात, कोणी खेळापासून कायमचं लांब जातं.

निशा टँकवरच राहिली, फक्त पाण्याच्या बाहेर उभी. बंगळुरूत तिने स्वतःच्या नावाने जलतरण अकादमी सुरू केली. तिथे स्पर्धेची तयारी करणारी मुलं येतात, तशीच पहिल्यांदा पाण्यात पाय टाकणारी चिमुरडी आणि मोठी माणसंही येतात.

वरवर वाटतं, चॅम्पियनला शिकवणं काय अवघड? पण विचार करा. ज्याला पोहणं श्वासासारखं झालंय, त्याला ते सुटं सुटं करून दाखवायचं असतं. आमच्या बॅचचे सर पहिला आठवडाभर फक्त बुडबुडे काढायला लावत होते. नाकातोंडातून हवा पाण्यात सोडायची, डोकं वर काढून श्वास घ्यायचा, बस्स. मला वाटलं, यासाठी फी भरली का? नंतर कळलं, घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो, अंग ताठ करतो आणि डोकं वर उचलतो. डोकं वर गेलं की पाय खाली जातात. म्हणजे वाचण्यासाठी जे करतो, त्यानेच बुडायला लागतो. फुप्फुसांत हवा असताना अंग सैल सोडलं तर पाणी बऱ्यापैकी उचलून धरतं. पण हे डोक्याला कळणं वेगळं आणि मानेला कळणं वेगळं! ती मान सैल होईपर्यंत शिक्षकाला न चिडता वाट पाहावी लागते. मला आपलं वाटतं, जो स्वतः कधी घाबरला होता, त्याला ही वाट पाहणं जास्त जमत असावं.

माझे आजोबा सांगायचे, त्यांना पाठीला डबा बांधून थेट विहिरीत ढकललं होतं. ते शिकले. पण त्याच विहिरीवरून त्यांचा धाकटा भाऊ रडत घरी आला, तो जन्मात पुन्हा पाण्यात उतरला नाही. आपल्या देशात दरवर्षी ३० हजारांहून जास्त माणसं बुडून दगावतात. म्हणून मुलांना शिकवाच, मोठेही शिका. फक्त बॅच लावण्याआधी दोन गोष्टी विचारा: शिकवणाऱ्याने प्रशिक्षण घेतलंय का आणि टँकवर जीवरक्षक पूर्ण वेळ असतो का. आणि मूल रडलं तर तिथे काय करतात, ते एक दिवस कडेला बसून स्वतः पाहा.

निशा आणि तिचे वडील यांच्याबद्दल वाचून झाल्यावर मी बाबांना फोन केला. म्हटलं, "मला लहानपणी पोहायला का नाही घातलं?" ते म्हणाले, "अगं, मलाच कुठे येतं!" आता पुढच्या महिन्यात गावी गेले की त्यांना टँकवर घेऊन जायचं ठरवलंय. ते "बघू" म्हणालेत.

माझी उद्या सकाळी साडेसहाची बॅच आहे. अजून चार फुटांतच आहे, पण दांडी सुटलीय.

तुम्ही कसे शिकलात, कोणी शिकवलं, नक्की कळवा.