काजूला पाणी हा खर्च नव्हे, भांडवल आहे

मुंबईत किंवा आखातात कमावलेला पैसा कोकणातील जमिनीत घालण्याकडे आपल्या अनेक बांधवांचा ओढा असतो. त्यात पसंती काजूला, कारण "काजूला पाणी लागत नाही" असे जो तो सांगतो. आम्ही कापडाचे व्यापारी. आम्हीही याच भरवशावर रत्नागिरी जिल्ह्यात अडीच एकर जांभ्या जमिनीत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची २०० कलमे लावली.

चूक समजायला सात वर्षे गेली. मोहोर भरपूर येई, वाटाण्याएवढी बी धरे आणि फेब्रुवारीचे ऊन तापले की निम्मी गळून जाई. झाड पाण्यावाचून जगते हे खरे, पण बी पोसायला ओल लागते. नेमक्या त्याच महिन्यांत आमचा कातळ कोरडा ठणठणीत असतो.

जानेवारी ते मार्च दर पंधरा दिवसांनी झाडामागे २०० लिटर पाणी द्यावे, उत्पादन जवळपास दुप्पट होते, अशी संशोधन केंद्रांची शिफारस आहे. हिशेब सोपा आहे. २०० झाडांना एका पाळीचे ४० हजार लिटर, सहा पाळ्यांचे २ लाख ४० हजार. टँकर आणाल तर नफा टँकरवालाच नेईल. गावच्या विहिरीवर मोटर लावणे तर नकोच, मार्चमध्ये तिथे हंड्यांची रांग असते आणि शेजाऱ्याचा हक्क आधी. म्हणून पावसाचे पाणी प्लास्टिकच्या कागदाच्या शेततळ्यात साठवावे. उन्हाने उडून जाणारे धरून तळे ४ लाख लिटरचे हवे. पुढे ठिबक आणि बुंध्याशी पालापाचोळा. शेजारची आणखी एक एकर घेण्यापेक्षा तो पैसा तळ्यात घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानात माल पडून असताना दुसरे गोदाम कोण घेतो?

आता बोंडूविषयी. बोंडूचे वजन बीच्या पाच ते आठ पट भरते. म्हणजे बी वाढली की बोंडूचे ढीगही वाढणार. आपल्याकडे बहुतेक बोंडू झाडाखाली कुजतात, गोव्यात त्यांची फेणी होते. दारूच्या भट्टीला फळ देणे आम्हाला मंजूर नाही. गेल्या हंगामात चांगला भाव सांगणारा एक गिऱ्हाईक आम्ही परत पाठवला. घरचे लोक कुरकुरले, ते असो. पण फळ कुजू देणे हाही नाश आहेच. रसात साबुदाण्याची पातळ पेज मिसळली की तुरटपणा तळाशी बसतो, वरचा नितळ रस सरबताला उत्तम. क जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त. अडचण एवढीच की बोंडू दुसऱ्या दिवशी टिकत नाही, म्हणून रस बागेजवळच काढावा लागतो. एकट्याच्या बागेवर यंत्र परवडत नाही, पाच-सहा बागायतदार एकत्र आले तर परवडेल.

सरबत, मुरंब्याच्या धंद्यातील बांधवांनी हंगामापूर्वी, निदान डिसेंबरात, आपल्या गावाकडच्या बागायतदारांशी बोलणी करावीत. मार्चमध्ये येऊन विचारले तर तोवर माल मातीत गेलेला असतो.