पहिली गाडी, ऑफ-रोडचा मोह आणि विम्याची न वाचलेली पाने

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले आणि आयुष्यातील पहिली गाडी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांना मोठा आधार मिळाला. त्याच सुमारास एक बदल ठळकपणे जाणवू लागला. पहिली गाडी म्हणजे आटोपशीर हॅचबॅक, हे समीकरण आता तरुणांना मान्य नाही. त्यांना उंच, चौकोनी, चिखलात व दगडधोंड्यांत चालेल अशी गाडी हवी आहे. थार आणि जिम्नी ही दोन नावे त्यात आघाडीवर आहेत. गोमंतकात या आवडीला आणखी एक पदर आहे. किनारी भागात पर्यटक याच गाड्या भाड्याने मागतात. त्यामुळे ‘गाडीही होईल आणि हंगामात हप्ताही सुटेल’ असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. हा हिशेब नेमका कुठे चुकतो, हे समजून घेण्यासाठी गाडीच्या जाहिरातीपेक्षा विम्याची पॉलिसी वाचणे अधिक उपयुक्त आहे.

दिसायला सारखी, करात वेगळी

प्रथम कराचा विचार करू. नव्या रचनेत लहान गाडीला १८ टक्के आणि अन्य गाड्यांना ४० टक्के कर आहे. लहान गाडीची व्याख्या मात्र केवळ लांबीवर ठरत नाही. लांबी चार मीटरच्या आत हवी आणि शिवाय इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंतच हवे. तीन दारांची थार आणि पाच दारांची जिम्नी या दोहोंची लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला जेमतेम कमी आहे. तरीही जिम्नीचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने ती ४० टक्क्यांच्या गटात जाते. थारचे १४९७ सीसीचे डिझेल इंजिन असलेले रूप १८ टक्क्यांत बसते, तर त्याच थारची २१८४ सीसी डिझेल किंवा १९९७ सीसी पेट्रोल इंजिनाची रूपे ४० टक्क्यांत जातात.

येथेच पहिली गफलत होते. कमी करात मिळणारी दीड लिटर डिझेलची थार केवळ मागच्या दोन चाकांवर चालते. तिचे रूप रानगाडीचे असले, तरी चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा तिच्यात नाही. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील ओल्या जांभ्या मातीच्या चढणीवर मागची चाके फिरू लागली, की केवळ गाडीच्या उंचीचा काहीच उपयोग होत नाही. ज्याला खरोखरच कच्च्या वाटेवरच्या घरी किंवा बागायतीत रोज जायचे आहे, त्याने फोर बाय फोर आणि कमी वेगाचा जादा गिअर असलेली गाडीच घ्यावी. जिम्नीत ही यंत्रणा आहे आणि वजनाने ती थारपेक्षा बरीच हलकी आहे. पण ज्याचा रोजचा प्रवास म्हापसा ते पणजी एवढाच आहे, त्याने या यंत्रणेचे मोल का मोजावे, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवा.

घरच्या माणसांचाही विचार हवा. जिम्नी आणि तीन दारांची थार, दोन्ही गाड्या चार आसनी आहेत. थारच्या मागच्या आसनावर जायचे, तर पुढचे आसन सरकवून आत शिरावे लागते. वयस्क आईवडील आणि दोन मुले असलेल्या घराला ही गाडी पहिली व एकमेव गाडी म्हणून पुरणार नाही. उंच आणि आखूड गाडीचा गुरुत्वमध्यही वर असतो. नवशिक्या चालकाने चोर्ला घाटातील वळण हॅचबॅकच्या वेगाने घेतले, तर ती गाडी तोल सांभाळेलच असे नाही.

विम्याचा हप्ता इंजिन ठरवते

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी मोटारीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर कंपनी ठरवत नाही. तो सरकारी दरपत्रकाने ठरतो आणि इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या गाडीसाठी तीन वर्षांचा हप्ता १०,६४० रुपये, तर १५०० सीसीच्या वर तो २४,५९६ रुपये आहे. त्यावर १८ टक्के कर वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील कर रद्द झाला, मात्र मोटार विम्यावरील कर कायम राहिला. म्हणजे मोठ्या इंजिनाच्या थारसाठी केवळ या एका कलमात जिम्नीपेक्षा सुमारे साडेसोळा हजार रुपये जादा मोजावे लागतात. गाडीची किंमत विचारताना हा आकडा सहसा कुणी विचारत नाही.

त्रयस्थ विमा इतरांच्या हानीसाठी आहे. स्वतःच्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ हा भाग वेगळा घ्यावा लागतो आणि तो ऐच्छिक असतो. कर्जावरील गाडीसाठी बँक त्याचा आग्रह धरते. या भागात विक्रेता सांगेल त्याच कंपनीचा विमा घेतला पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही. विमा नियामकाच्या नियमांनुसार ग्राहकाला कंपनी निवडण्याचे स्वातंत्र्य आहे. दालनात मिळालेला आकडा आणि बाहेर मिळालेला आकडा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय सही करू नये. मालक स्वतः गाडी चालवत असेल, तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही आवश्यक आहे. ते आधीच दुसऱ्या पॉलिसीत असल्यास पुन्हा पैसे भरण्याचे कारण नाही.

जाहिरातीतील वाट आणि पॉलिसीतील अटी

या गाड्यांच्या जाहिरातीत पाणी, वाळू, दगड आणि चिखल असतो. मूळ पॉलिसीचे संरक्षण याच ठिकाणी सर्वांत तोकडे पडते. पूर, दरड कोसळणे आणि अपघात यांनी झालेले नुकसान पॉलिसीत समाविष्ट आहे. पण यांत्रिक बिघाड, झीज आणि परिणामी नुकसान वगळलेले आहे. थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असे निर्माता सांगतो. पण ओढ्यात बंद पडलेले इंजिन चालकाने पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि पाणी आत शिरून ते निकामी झाले, तर ते परिणामी नुकसान मानून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी लागते. गोव्याच्या पावसाळ्यात तिची गरज उघड आहे.

केवळ टायर दगडावर फाटला आणि गाडीला अन्य नुकसान झाले नाही, तर मूळ पॉलिसी काहीच देत नाही. प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणून पहिल्या काही वर्षांत शून्य घसाऱ्याची जोड घेणे शहाणपणाचे. अडकलेली गाडी ओढून नेण्यासाठी मूळ पॉलिसीत मोटारीमागे फक्त १,५०० रुपयांची मर्यादा आहे. भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली गाडी एवढ्या रकमेत बाहेर निघत नाही. शिवाय किनाऱ्यावर गाडी नेणे हाच गुन्हा असल्याने पोलीस कारवाईचा खर्च आणि मनस्ताप वेगळाच. अभयारण्यातील वाटांचेही तसेच आहे. दूधसागरकडे कुळेहून जाणाऱ्या मार्गावर परवानाधारक जीपगाड्याच जातात. खासगी फोर बाय फोर म्हणजे जंगलात शिरण्याची परवानगी नव्हे.

दुसरा मोह सजावटीचा. मोठी चाके, उंच केलेले सस्पेन्शन, पुढचा लोखंडी गार्ड या गोष्टी गाडी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात बसवल्या जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड आणि प्रसंगी कैदही होऊ शकते. लोखंडी गार्डवर केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले होते, कारण धडकेत पादचाऱ्याला त्याने अधिक इजा होते. कंपनीला न कळवलेला बदल हे दावा अडवण्याचे आयते निमित्त ठरते.

पांढरी पाटी आणि भाड्याचे गणित

गोमंतकातील सर्वांत गंभीर प्रश्न मात्र याही पलीकडचा आहे. भाड्याने चालवण्यासाठी रीतसर नोंदवलेल्या मोटारीला काळी पाटी आणि पिवळे आकडे असतात. तिचा परवाना, कर आणि विमा वेगळा असतो. हा खर्च टाळण्यासाठी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीच्या माणसामार्फत पर्यटकाला दिली जाते. परवान्याविना असा वापर केल्यास पहिल्याच गुन्ह्यासाठी १०,००० रुपये दंड आणि कैदेची तरतूद आहे. पण दंडाची रक्कम ही या व्यवहारातील सर्वांत लहान जोखीम आहे.

समजा, डिचोलीतील एका तरुणाने कर्ज काढून अशी गाडी घेतली आणि डिसेंबरमध्ये चार दिवसांसाठी पर्यटकांना दिली. रात्री कळंगुटच्या रस्त्यावर त्या गाडीने एका दुचाकीस्वाराला उडवले आणि त्याचा मृत्यू झाला. मृताच्या कुटुंबाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागितली. खासगी मोटारीच्या पॉलिसीत ‘भाड्याने किंवा मोबदल्याने वापर नाही’ ही अट असते. कायद्याच्या कलम १५० नुसार परवान्याविना भाड्याने वापर झाल्याचा बचाव विमा कंपनीला घेता येतो. परवान्याविना वाहन चालवणे हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका मालवाहू वाहनाच्या प्रकरणात म्हटले. त्या प्रकरणात कंपनीने आधी पीडितांना भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग कायम झाला.

या मार्गाने मृताच्या कुटुंबाला पैसे मिळतात, पण तरुणाची सुटका होत नाही. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखोंच्या घरात जाते आणि ती त्याच्याकडून वसूल होते. मोडलेल्या गाडीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. भाडे घेऊन गेलेला पर्यटक आपल्या राज्यात परतलेला असतो. चार दिवसांच्या भाड्यासाठी घर आणि बागायत जोखमीत घातली गेली, हे त्याला तेव्हा कळते. चोरीच्या एका प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला पूर्ण हात झटकू दिले नव्हते, कारण चोरीशी भाड्याच्या वापराचा संबंध नव्हता. पण भाडेकरू चालकानेच केलेल्या अपघातात हा युक्तिवाद टिकणे कठीण आहे.

काय करता येईल

भाड्याने गाडी देण्याची इच्छा चुकीची नाही. पर्यटनाच्या राज्यात तो प्रामाणिक व्यवसाय आहे. फक्त तो काळ्या पाटीने, व्यावसायिक परवान्याने आणि व्यावसायिक विम्याने करावा. तो खर्च धरूनही गणित जुळत असेल तरच गाडी घ्यावी. जुळत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

शासनाची जबाबदारीही दंड आकारून संपत नाही. वाहतूक खात्याने नोंदणीच्या वेळीच खासगी पॉलिसीत काय वगळलेले आहे, याचे एक पान मराठी व कोकणीत मालकाच्या हाती द्यावे. विमा कंपन्यांनीही भाड्याचा वापर, बदललेले भाग आणि पाण्यातील इंजिन या तीन गोष्टी पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापाव्यात. नाकाबंदीत पकडलेली गाडी सोडवता येते. न्यायाधिकरणाचा निवाडा मात्र वर्षानुवर्षे फेडावा लागतो.

पहिली गाडी घेणाऱ्याने दालनात जाण्यापूर्वी घरच्यांसमवेत बसून चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. ही गाडी रोज कोणत्या रस्त्यावर धावणार? तिच्यात किती माणसे बसणार? ती कोण चालवणार? आणि ती कुणाला भाड्याने द्यावी लागणार का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर पांढऱ्या पाटीच्या नोंदणीचा अर्ज तिथेच बाजूला ठेवावा.