मगरीबच्या आधीची वीस मिनिटं



यंदा रमजान ईदच्या ईदीतून आमच्या धाकट्याने एक रबरी बेडूक मागवला. हिरवी पाठ, पिवळं पोट, मागे दोऱ्यांच्या झुपक्याचे दोन पाय आणि पाठीला चिकटून बसलेला दुहेरी गळ. पैसे त्याचे होते, म्हणून कुणी काही बोललं नाही. त्याच्या अम्मीने तेवढं विचारलं, "ह्याचं कालवण होतं का?"

मुलगा नववीत आहे. रात्री पांघरुणात मोबाइल धरून तो अमेरिकेतल्या लोकांना 'बास' नावाचा मासा पकडताना पाहत बसतो. पाण्यावर तरंगणारं आमिष फेकायचं, ते टपटप आवाज करत ओढायचं, आणि खालून मासा उसळी मारून त्याच्यावर तुटून पडतो. दिसायला मोठं देखणं असतं, हे मलाही मान्य आहे. एप्रिलमधल्या एका रविवारी भर बारा वाजता, घरात न सांगता, मित्राच्या सायकलवर मागे बसून साहेबजादे हिप्परगा तलावावर गेले. तीन तास उन्हात बेडूक फेकला. परत आला तेव्हा चेहरा तव्यासारखा तापलेला आणि निदान तयार: "बेडूक डुप्लिकेट निघाला."

न सांगता पाण्यावर गेल्याबद्दल जे व्हायचं ते झालं, ते इथे लिहीत नाही. मग अब्बांनी बेडूक हातात घेतला, बोटांनी दाबून पाहिला, गळाची धार अंगठ्यावर तपासली आणि म्हणाले, "माल अच्छा है. टाइम खराब था."

अब्बांचं आयुष्य पॉवरलूमवर गेलं. रात्रपाळी सुटली की कारखान्यातून थेट तळ्यावर जायचे आणि आम्ही शाळेला निघायच्या वेळी शुक्रवार पेठेत घरी परतायचे. कधी पिशवी भरलेली, बहुतेक वेळा रिकामी. हिप्परग्याचं तळं त्यांना घरच्या अंगणासारखं माहीत. सरकारी कागदात ते एकरुख तलाव. आदिला नदीवर बांध घालून इंग्रजांनी १८७१ मध्ये पुरं केलेलं. तुळजापूर रस्त्याने गेलं की शहरापासून दहा किलोमीटरही नाही. सिद्धेश्वर तलाव त्याहून जवळ, पण तो मंदिराचा; तिथे आमच्या घरातून कधी गळ गेला नाही. उजनी १९८० ची, ११७ टीएमसीची, समुद्रासारखी. ते होडीवाल्यांचं काम.

आता मुलाच्या अपयशाकडे येतो. पहिली गोष्ट, बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. आपल्या तळ्यांत तो नाही. मग तरंगत्या आमिषावर इथे कोण येणार? रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. कटला वरच्या थरात असतो, पण त्याचं खाणं म्हणजे पाण्यातले बारीक जीव. त्याला बेडकाशी देणंघेणं नाही. चिलापीला कणकेची गोळी द्या. पाण्याच्या पृष्ठभागावर झडप घालणारी आपली शिकारी एकच, मरळ.

मरळीबद्दल सोलापुरात फार सांगायला नको. आपल्या शहरातल्या तेलुगू घरांत तिला कोर्रमीनू म्हणतात आणि तेलंगणाने तिलाच राज्यमासा केलं आहे. काटे कमी, मांस घट्ट. बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला मुद्दाम देतात. बाजारात ती पाटीत जिवंत विकली जाते, कारण ती पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. ही सोय तिची मजबुरीही आहे. थोड्या थोड्या वेळाने तिला वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. वर येऊ दिलं नाही तर मासा असून ती गुदमरते. तळ्याच्या काठी शांत बसलं की वेलींमध्ये 'भुप्' असा आवाज येतो आणि पाण्यावर एक वर्तुळ उमटतं. ती मरळ. अब्बा आधी अर्धा तास नुसतं हेच पाहायचे. मुलाने ते पाहिलंच नव्हतं, आल्या आल्या फेकायला सुरुवात.

"घड़ी को नक्को देख, पानी को देख," अब्बा त्याला म्हणाले.

पण मी पडलो मास्तर, मला कारण सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. माशाला पापणी नसते. आपल्यासारखं डोळे मिचकावून उन्हापासून वाचणं त्याला जमत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा तळ्याचा वरचा थर कोमट होतो आणि मरळ जलपर्णीच्या किंवा बेशरमीच्या झुडपांच्या सावलीत दडून बसते. हवेसाठी वर येते, शिकारीसाठी नाही. उजेड उतरला की चित्र बदलतं. बारीक मासे काठाला येतात, किडे पाण्यावर पडतात, बेडूक हलायला लागतात. खाली बसलेल्या शिकाऱ्याला वर पाहिलं की फिकट आकाशावर बेडकाची काळी आकृती स्पष्ट दिसते. रबर आहे की कातडी, हे मात्र दिसत नाही. भर दुपारी नेमकं उलटं. पहाटेची आणखी एक बाब आहे. पाण्यातल्या वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्रभर तोच ओढत राहतात, त्यामुळे उजाडायच्या सुमारास तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. लहान मासे वर येऊन तोंड वासतात, मंदावतात. हवेवर जगणाऱ्या मरळीला ही अडचण नाही.

म्हणजे वेळा दोन. फजरनंतर सूर्य हातभर वर येईपर्यंत, आणि असरनंतर सूर्य मावळेपर्यंत. उन्हाळ्यात सूर्य सहाच्या थोडं आधी उगवतो. साडेसातला सगळं संपलेलं असतं. ढगाळ दिवशी ही मुदत लांबते, कधी कधी दुपारपर्यंत. पाण्यावर बारीक लहर असली तर चांगलं, आमिषाची दोरी लपते. पण जून-जुलैमध्ये आपल्याकडे पश्चिमेचा जो वारा सुटतो त्यात तरंगतं आमिष विसरा. बेडूक कुठे आणि लाट कुठे, मरळीलाही कळत नाही. थंडीत गणित फिरतं. डिसेंबरात सूर्य पावणेसातनंतर उगवतो, पाणी गार, मासा सुस्त. तेव्हा पहाटे कुडकुडत जाण्यात शहाणपणा नाही. ऊन चढू द्या, नऊ ते अकरा बघा.

कोकणातल्या वाचकांना हे सगळं वेगळं वाटेल. त्यांच्या खाडीतला जिताडा, ज्याला रत्नागिरीकडे चोणक म्हणतात, तोही वरच्या आमिषावर येतो. पण तिथे उजेडाबरोबर भरती-ओहोटीचं राज्य. पाणी वळायच्या आसपास पहाट किंवा संध्याकाळ पडली तर उत्तम. आपल्या घरातल्या हिजरी कॅलेंडरचा इथे उपयोग होतो. चांद दिसल्यानंतरचे एक-दोन दिवस आणि चौदा-पंधरा-सोळा तारखांना उधाण, सात-आठ आणि एकवीस-बावीसच्या आसपास भांग. वेगळं कोष्टक लागत नाही.

रबरी बेडकाला मी हसलो होतो, ते शब्द परत घेतो. अब्बांच्या काळात मरळीसाठी खरा, जिवंत बेडूक गळाला लावत. हदीसमध्ये बेडूक मारायला मनाई आली आहे. एका वैद्याने औषधासाठी विचारलं तेव्हाही परवानगी मिळाली नाही. अब्बांना हे उतारवयात एका मौलानांकडून कळलं आणि त्या दिवसापासून त्यांनी बेडूक सोडला. बेडूक सोडला म्हणजे मरळ सुटली. म्हणून नातवाच्या हातातला तो रबरी तुकडा ते इतका वेळ दाबून पाहत होते.

फेकायची रीत त्यांनीच शिकवली. मासा दिसला तिथे नाही, त्याच्या पलीकडे टाक. पाण्यावरची वर्तुळं विरू दे. मग दोन टप्पे ओढ, थांब. आणि झडप पडली की लगेच हिसका देऊ नको, तिला तोंड मिटू दे. पुरं बिस्मिल्लाह म्हण आणि मग ओढ. बहुतेक जण 'बिस्' वरच ओढतात आणि बेडूक रिकामा परत येतो. मीही त्यातलाच. शिवाय तळ्यातल्या मासेमारीचा ठेका साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. कुणीतरी पोटासाठी तिथे जाळं टाकतो, आपण हौसेसाठी जातो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी असर पढून आम्ही तिघे गेलो. अब्बांना गुडघ्यांमुळे बांधावरच खुर्ची मांडून दिली. पूर्वेचा काठ होता, म्हणजे समोर मावळता सूर्य. सहापर्यंत काही नाही. साडेसहाला वेलींच्या कडेला पहिलं वर्तुळ. मग दुसरं. पोराचे हात थरथरायला लागले. दोन झडपा पडल्या, दोन्ही हुकल्या. आणि आता लागणार असं वाटत होतं तेवढ्यात अब्बांनी मागून हाक दिली, "बस. वजू करो."

ज्यांना मासे माहीत आहेत त्यांना कळेल की ही हाक किती कडू असते. सूर्य टेकल्यापासूनची ती वीस मिनिटं दिवसातली सर्वांत चांगली, आणि मगरीबचा वक्त सगळ्यांत तोकडा. पहाटे हा पेच नाही; फजर पढूनच निघायचं, आणि सूर्य उगवताना तशीही नमाज नसते. संध्याकाळी मात्र समोरासमोर. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी त्या वयाचा असताना अब्बांकडे असाच पाहायचो. मी काही बोललो नाही, बाह्या वर केल्या.

बांधावर चादर अंथरली. किबल्याकडे तोंड केलं की समोर तळंच. पहिल्या रकातीत 'धप्प' असा आवाज झाला, पुरा मासा पाण्याबाहेर आला असणार. नंतर आणखी एकदा. सलाम फेरल्याबरोबर पोरगा कुजबुजला, "अब्बू, तीन वेळा उडाली."

"दोनदाच," मी म्हणालो, आणि मग जीभ चावली. अब्बा हसू दाबत तसबीह फिरवत राहिले.

येताना रिक्षात त्यांनी त्याला शनिवारवाल्यांचा किस्सा सांगितला. सूरह आराफमध्ये येतो तो. समुद्रकाठची वस्ती, शनिवारी मासेमारी मना, आणि मासे नेमके शनिवारीच पाण्यावर उघड उघड यायचे. इतर दिवशी नाही. पोराने विचारलं, "दादाजान, माशांना शनिवार कसा कळायचा?" अब्बा म्हणाले, "वर आणणाऱ्याला कळायचा." पुढच्या पंधरवड्यात फजरनंतर त्याला पहिली मरळ मिळाली, अर्ध्या किलोची. त्यासाठी आदल्या रात्री दहाला मोबाइल ठेवून झोपला होता. मी काही न सांगता.

ऑगस्टमधली गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र हा मजकूर पुरा होत नाही. पाऊस झाला होता, काठची गवतं पाण्यात गेली होती. अब्बा आले नव्हते. सकाळी सातच्या सुमारास उथळ पाण्यात एक ताटाएवढा तांबडा-नारिंगी डाग हलताना दिसला, लाल तिखट सांडल्यासारखा. मधूनच खदखदायचा. "तिथे टाक," मी म्हणालो. पहिल्याच फेकीला झडप पडली, जोरात, पण बेडूक तोंडात घेतलाच नाही, नुसता उडवला. दुसऱ्या फेकीला लागली. दीड किलोच्या वरची. पोरगा आनंदाने ओरडला आणि मी ती काठावर घेतली.

तो डाग म्हणजे तिची पिल्लं होती. पावसाळ्यात मरळ घरटं करते, अंडी तरंगतात, आणि पिल्लं झाली की आईबाप काही आठवडे त्यांच्याखाली राहून राखण करतात. जवळ येईल त्यावर तुटून पडतात, भुकेने नव्हे. म्हणून या दिवसांत आणि या जागी मरळ हटकून लागते. फेकणाऱ्याला वाटतं याहून चांगली वेळ नाही. मला हे ठाऊक होतं. वर्गात प्राण्यांच्या संगोपनाचा धडा शिकवताना मी हेच उदाहरण देतो. पण डाग पाहिला तेव्हा मला पिल्लं दिसली नाहीत, आमिषाची जागा दिसली.

पाण्यात डाग फुटला होता. बारीक ठिणग्यांसारखी पिल्लं इकडेतिकडे, आणि बाजूने कुठले तरी छोटे मासे त्यांच्यात घुसत होते. "अब्बू, हिला सोडू या," पोरगा म्हणाला. गळ काढताना तिचा ओठ फाटला. पाण्यात ठेवली, क्षणभर तशीच राहिली, मग शेपटी मारून गवतात गेली. आम्ही पंधरा मिनिटं उभे होतो. डाग पुन्हा जमला नाही, निदान आम्हाला दिसेल असा.

घरी अब्बांना सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मैं भी निकालता था. बारिश में सब से आसान. बाजार में पैसे भी अच्छे आते थे." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

बेडूक सध्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला आहे. त्याची अम्मी रोज तो काढायला सांगते. पोराने कॅलेंडरवर नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारभोवती गोल केला आहे आणि खाली पेन्सिलने लिहिलं आहे, सकाळी ८. आधी ६ लिहून खोडलेलं दिसतं.