कोरे कापड पांढरे कोणी केले?

१/ विंचूरचे नाव निघाले की इतिहासप्रेमी तरुणाला विठ्ठल शिवदेव आठवतात, १७६१ चे पानिपत आठवते. येवले याच विंचूरकरांच्या जहागिरीत होते हे कळले की पैठणी आठवते. विणकर, रंगारी, जरीवाले यांची स्तुती होते. माग आणि रंगाची कढई यांच्यामध्ये उभा असलेला एक माणूस मात्र दर वेळी गळतो. तो परीट.

२/ ही साधी विस्मृती नव्हे. वस्त्रोद्योगच न समजल्याची ही खूण आहे. मागावरून उतरलेले सुती कापड अर्धेच तयार असते. ते पिवळट आणि ताठ असते, पाणी धरत नाही. कापसाच्या तंतूत सुमारे ९० टक्के सेल्युलोज असते. उरलेल्या भागात मेण, पेक्टिन, प्रथिने आणि क्षार. मेण पाण्याला आत शिरू देत नाही. शिवाय ताणा तुटू नये म्हणून विणकराने पाजणी करून चढवलेली खळ असतेच. अशा कोऱ्या कापडावर रंग डागाडागांनी बसतो आणि धुण्यात उतरतो.

३/ म्हणून तीन कामे करावी लागतात. पहिले, खळ काढणे. कापड भिजत ठेवले की सूक्ष्मजीव पिष्ट फोडतात; आजची गिरणी त्यासाठी अमायलेज हे विकर वापरते. दुसरे, भट्टी. खाराच्या उकळत्या पाण्यात मेणाच्या काही भागाचा साबण होतो आणि उरलेले मेण त्या साबणासोबत सुटते. तिसरे, विरंजन. ओले कापड उन्हात पसरायचे, वाळले की पुन्हा पाणी शिंपडायचे, दिवसेंदिवस.

४/ यावर एक ठरलेला दावा ऐकू येतो: हे शास्त्र इंग्रजांनी आणले. कालक्रम त्याच्या विरुद्ध आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात कापड महिनोन्महिने कुरणांवर पडून असे आणि आंबट दुधात भिजवले जाई. १७५६ मध्ये फ्रान्सिस होमने दुधाऐवजी सौम्य गंधकाम्ल सुचवले. १७७४ मध्ये शेलेला क्लोरीन सापडला, १७८५ मध्ये बर्थोलेने तो कापडावर वापरला आणि १७९९ मध्ये टेनंटने विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए याने भडोचची मैदाने, तेथील लिंबे आणि तेथे पांढरे होणारे कापड यांची नोंद केली होती.

५/ याहून बोलका पुरावा इंग्लंडच्या कायद्यांत आहे. १७०० च्या कायद्याने भारतातील छापील व रंगीत सुती कापड वापरण्यास बंदी घातली. साध्या पांढऱ्या कापडाला वाट मोकळी राहिली. तेच कापड नेऊन लंडनचे छपाईवाले आपला धंदा वाढवू लागले. १७२१ मध्ये तिथेही बंदी आली. इंग्रजी छपाईच्या बालपणी तिच्या हाताखाली असलेले कापड भारतात विणलेले होते, आणि भारतातच धुतलेले होते.

६/ दुसरा दावा उलट दिशेचा आणि तितकाच पोकळ: पूर्वी सगळे नैसर्गिक होते, रसायन नव्हते. सज्जीखार, चुना, झाडांची राख ही रसायनेच आहेत. सज्जीखाराच्या द्रावणात चुना मिसळला की दाहक सोडा तयार होतो. कारखान्यात पिंपाने येणारा कॉस्टिक सोडा तोच. पूर्वजांना रसायनाचा स्पर्श नव्हता असे म्हणणे हा त्यांचा गौरव नाही. त्यांच्या हातातली विद्या त्यामुळे नाकारली जाते.

७/ एक आक्षेप रास्त आहे. गावचा बलुतेदार परीट वापरलेली वस्त्रे धुई. नवे कापड पांढरे करणे हा पेठांतला वेगळा धंदा होता. हा भेद मानलाच पाहिजे. पण दोघांचा खार, भट्टी आणि ऊन एकच होते. किती खारात मेण सुटते आणि किती खारात धागा कमजोर होतो, हा अंदाज दोघांच्याही हातात होता.

८/ मग ही विद्या इतिहासात का आली नाही? कारण मळाला हात लावणाऱ्याच्या कामाला कष्ट म्हटले गेले, ज्ञान म्हटले गेले नाही. बलुत्यात परटाचा वाटा नोंदला जाई. विद्येच्या यादीत त्याला जागा नव्हती. १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगे महाराजांचा खराटा महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्यांच्या जातीच्या भट्टीकडे मात्र शास्त्र म्हणून कोणी पाहिले नाही.

९/ हे दुर्लक्ष आजही महाग पडते. नाशिक जिल्ह्यातच मालेगावचे यंत्रमाग कोरे कापड विणतात आणि त्यातले बरेचसे प्रक्रियेसाठी राजस्थानात, पाली आणि बालोतऱ्याकडे जाते. मूल्यवाढीचा मोठा टप्पा जिल्ह्याबाहेर घडतो. त्या टप्प्याचे सांडपाणी पालीत बांडी नदीने आणि बालोतऱ्यात लुणीने सोसले. कापडातून निघालेली खळ, मेण आणि खार कुठे तरी जातातच. धुण्याला किरकोळ काम मानणारा समाज त्या पाण्याचा हिशेबही किरकोळच मानतो.

१०/ संग्रहालयातल्या जुन्या सुती वस्त्राखाली ‘अमुक ठिकाणी विणले, अमुक ठिकाणी रंगवले’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती नोंद अपुरी आहे. त्या दोन क्रियापदांच्या मधे ‘धुतले’ हे तिसरे यायला हवे, आणि त्या कामाच्या धन्याचे नावही.