वॅक्सिंग आणि पेडिक्युअर एकाच दिवशी? आधी क्रम ठरवा

लग्नसराई आणि कॉलेजचं गॅदरिंग एकत्र आलं, की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्लरच्या ऑफर फिरायला लागतात. 'फुल लेग्ज वॅक्सिंग आणि पेडिक्युअर, एकाच अपॉइंटमेंटमध्ये!' वाचायला छानच वाटतं. पाथर्डी, शेवगाव किंवा पारनेरहून रोज एसटीने नगरला येणाऱ्या मैत्रिणीला तर ही मोठीच सोय. प्रॅक्टिकल संपल्यापासून परतीची गाडी लागेपर्यंत जे दोन-अडीच तास मिळतात, त्यात सावेडीतल्या एखाद्या पार्लरमध्ये सगळं उरकायचं. दोन वेगवेगळ्या दिवशी जायला वेळ कुणाकडे आहे? आणि घरी दोनदा उशिराचं कारण काय सांगायचं?

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या दोन दिवस आधी मीही हेच केलं. आधी वॅक्सिंग झालं, मग लगेच पाय गरम पाण्याच्या टबात, मग गुडघ्यापर्यंत स्क्रब आणि मसाज. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल पुटकुळ्या आल्या आणि गॅदरिंगच्या दिवशी त्यातल्या काहींत पू झाला. हौसेने घेतलेला ड्रेस कपाटातच राहिला. डॉक्टरांनी पाय बघून पहिला प्रश्न विचारला, "वॅक्सिंगनंतर पाय पाण्यात घातले होते का?" पार्लर कुठलं ते सांगत नाही, कारण चूक एकट्या पार्लरवाल्या ताईंची नव्हती. 'ताई पटकन करा, गाडी जाईल' असा धोशा मीच लावला होता.

म्हणूनच हे लिहितेय. दोन्ही गोष्टी करू नका, असं माझं म्हणणं नाही. कराव्यात की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण करायच्या असतील, तर त्यांचा क्रम एसटीच्या वेळेवरून ठरवू नका, त्वचेचा विचार करून ठरवा.

वॅक्सिंगमध्ये केस मुळापासून ओढला जातो. तो निघाला की त्याच्या जागी बारीकसं छिद्र उघडं राहतं आणि त्वचेचा अगदी वरचा थरही थोडा निघतो. डोळ्यांना फक्त लाली दिसते, पण जंतूंना आत शिरायला तेवढी वाट पुरते. त्वचा सावरायला साधारण एक दिवस जातो. नेमक्या त्याच वेळी आपण पाय गरम पाण्यात भिजवतो, वरून खरखरीत स्क्रब घासतो आणि सुगंधी क्रीम चोळतो. पाणी स्वच्छ असेल तर फार तर आग होईल. पाणी किंवा टब अस्वच्छ असेल तर गोष्ट आगीवर थांबत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. 2000 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलॉनमध्ये पेडिक्युअर केलेल्या 110 ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली. पाणी फिरवत ठेवणारे तिथले दहाच्या दहा टब तपासले, तेव्हा प्रत्येकात मायकोबॅक्टेरियम जातीचा जंतू सापडला. पाणी ओढून घेणाऱ्या जाळीमागे आधीच्या ग्राहकांचे केस आणि त्वचेचा मळ साचला होता. पेडिक्युअरआधी घरी रेझर फिरवून आलेल्यांना हा संसर्ग होण्याचा धोका जास्त होता. 2002 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो रेझरबद्दल होता हे खरं, पण अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आज जो सल्ला देते, त्यात वॅक्सिंगही आहे. पाय टबात घालण्याआधीच्या 24 तासांत शेव्हिंग, वॅक्सिंग किंवा केस काढायचं क्रीम वापरू नका, असं ती सांगते.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पार्लरमध्ये असले यंत्राचे टब नसतात, साधा प्लॅस्टिकचा टब असतो. खरं तर ही चांगलीच गोष्ट आहे. त्यात जाळी नाही की पाइप नाही. पाणी ओतून दिलं, टब साबणाने घासला, जंतुनाशकाने धुतला की झालं. फक्त ते प्रत्येक ग्राहकानंतर व्हायला हवं. नुसतं पाणी बदलून भागत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात चांगलं म्हणजे दोन्हींमध्ये निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. ते जमणारच नसेल आणि एकाच फेरीत दोन्ही उरकायचं असेल, तर आधी पेडिक्युअर करा, तेही घोट्यापर्यंतच्या पाण्यात. पोटऱ्यांना स्क्रब, तेल, क्रीम काहीही लावू देऊ नका. पाय नीट कोरडे होऊ द्या आणि त्यानंतर पाण्याबाहेर राहिलेल्या भागाचंच वॅक्सिंग करा. भिजून मऊ झालेल्या पावलांवर, बोटांवर वॅक्स नको. आणि वॅक्सिंग आधीच झालं असेल, तर पाणी टाळून फक्त नखं कापून, घासून नेलपेंट लावून घ्या. टबाचा कार्यक्रम पुढच्या वेळी. वॅक्सिंगनंतर दिवसभर गरम पाण्याची अंघोळ, घट्ट जीन्स आणि भर उन्हात गाडीवरून फिरणं टाळलेलं बरं.

काही जणांनी मात्र जास्तच जपायला हवं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील, तर वॅक्सिंग करू नका. या औषधाने त्वचा नाजूक होते आणि वॅक्सबरोबर सोलून निघू शकते. गोळ्या बंद केल्यावरही किती महिने थांबायचं, ते डॉक्टरांना विचारा. पायाला जखम असेल, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील, तर टबात पाय घालूच नका.

दुसरी काळजी घरातल्यांची. भाचीच्या लग्नाआधी आपण हौसेने आईला पार्लरमध्ये नेतो. जन्मभर शेतात उभं राहून टाचांना पडलेल्या भेगा, ज्यावर तिने आजवर वजरीशिवाय काही फिरवलेलं नसतं. नेण्यामागची भावना चांगलीच आहे. पण आईला मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते. पाणी फार गरम आहे हे कळत नाही, टाचेवरून ब्लेड फिरवताना कापलं तरी जाणवत नाही आणि तीच जखम पुढे चिघळते. अशा पायांवर ब्लेड नकोच.

आता थोडं पार्लरवाल्या ताईंच्या बाजूने. एका पेडिक्युअरसाठी ती बुटक्या स्टुलावर वाकून बराच वेळ बसते. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्यात अवजारांची स्वच्छता शिकवतात. अनेकजणींना हे सगळं नीट माहीत असतं. पण बाहेर चार जणी ताटकळत बसलेल्या आणि समोरची म्हणतेय, 'शेजारच्या पार्लरमध्ये शंभर रुपये कमी घेतात.' मग वेळ आणि पैसा वाचवायला जी गोष्ट आधी गळते, ती म्हणजे टब घासायची पाच मिनिटं. घासाघीस आपण करतो आणि स्वच्छताही फुकटात मागतो, हे बरोबर नाही.

त्यामुळे विचारायचं, पण भांडणाच्या सुरात नाही. 'ताई, टब माझ्यासमोर धुता का?' 'वॅक्स लावायची पट्टी एकदा पायाला लावली की परत डब्यात बुडवत नाही ना?' 'धातूची अवजारं जंतुनाशकात ठेवता का?' एवढे तीन प्रश्न पुरेत. नखं घासायची कानस आणि प्युमिक स्टोन मात्र स्वतःचेच न्या. त्या खडबडीत वस्तू नीट निर्जंतुक होत नाहीत आणि एका सामोशाच्या प्लेटच्या आसपास पैशांत मिळतात.

चांगल्या ताईला या प्रश्नांचा राग येत नाही. मी आता ज्यांच्याकडे जाते, त्यांना पहिल्यांदा विचारताना मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनी काही न बोलता टब उचलला, मोरीत नेऊन घासला आणि म्हणाल्या, "विचारत जा गं. तू विचारलंस की बाकीच्यांनाही वाट बघायला लावता येते मला."

पुढच्या वेळी ऑफरचा मेसेज आला की अपॉइंटमेंट घ्या, पण फोनवरच सांगून ठेवा: आधी पेडिक्युअर, मग वॅक्सिंग, आणि टब धुवायला पाच मिनिटं जास्त धरा. गाडी चुकेल असं वाटलं, तर त्या दिवशी एकच काहीतरी करा.