मधमाशीचा त्रिकोण कोणता?

महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. त्याआधी दोन वर्षे, २०२० मध्ये, केंद्र शासनाने मधमाशीपालनाच्या राष्ट्रीय अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली होती. ही दोन्ही पावले स्वागतार्हच. परंतु एका हाताने मधपेट्या वाटायच्या आणि दुसऱ्या हाताने त्याच पेट्यांभोवती विष पसरू द्यायचे, याला धोरण म्हणावे की धोरणाचा अभाव?

मधमाशीचा विचार आपल्याकडे मधापाशीच थांबतो. वास्तविक मध हे तिचे दुय्यम दान आहे. सूर्यफुलाचे दाणे, डाळिंबाची फळधारणा, बुलढाणा-जालना पट्ट्यातील कांद्याचे बीजोत्पादन, हे सारे तिच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. कांद्याचे गोंडे फुललेले असताना फुलकिड्यांसाठी भर दुपारी फवारणी झाली, तर फुलकिड्यांबरोबर मधमाश्याही मरतात. पुढे दाणे भरत नाहीत आणि दोष हवामानाच्या माथी मारला जातो.

निओनिकोटिनॉइड वर्गातील इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारख्या औषधांची रीत याहून छुपी. (विषाला 'औषध' म्हणण्याची सवय आपल्या भाषेलाही जडली आहे!) कपाशीच्या रंगवलेल्या बियाण्यावर लावलेले हे द्रव्य रोपाच्या रसात भिनते आणि त्याचा अंश मकरंदात व परागात उतरू शकतो. तो किडीच्या मज्जासंस्थेवर आघात करतो. मधमाशीला तेवढ्याने लगेच मरण येईलच असे नाही. ती वाट विसरते. फ्रान्समधील संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर सूक्ष्म चकत्या चिकटवून, थायामेथोक्झामची अ-प्राणघातक मात्रा देऊन त्यांना दूर सोडले. त्यांपैकी अनेक पोळ्यात परतल्याच नाहीत, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पोळ्यापाशी मेलेली माशी सापडत नाही, म्हणून गुन्हाही दिसत नाही.

फ्रान्सने १९९९ मध्येच सूर्यफुलाच्या बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड वापरणे थांबवले होते. २००८ मध्ये जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात मक्याच्या बियाण्यावरील क्लोथियानिडिनची धूळ पेरणीच्या वेळी उडाली आणि हजारो वसाहतींना बाधा झाली. २०१८ मध्ये युरोपीय संघाने या तिन्ही रसायनांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. निर्यात मात्र तेथून त्यानंतरही चालू राहिली. आपल्या माश्यांना जे घातक, ते इतरांच्या माश्यांना चालेल, असा हा व्यापारी न्याय आहे. मात्र त्याची तक्रार करण्यापूर्वी आपणही आपले घर पाहावयास हवे.

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो. तो सस्तन प्राण्यांवरील विषारीपणावरून ठरतो. मधमाशीचा त्यात विचारच नाही. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त झालेला शेतकरी फुलोऱ्यावर फवारतो, त्यात त्याचा अपराध कोणता? माहितीपत्रकावर इशारा असलाच, तर तो भिंगातून वाचावा लागतो. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाचीच ही कथा, तेथे माशीला कोण विचारतो?

१९६८ चा कीटकनाशक कायदा बदलण्यासाठी २०२० मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले. २०२१ मध्ये स्थायी समितीचा अहवालही आला. नंतर वर्षांमागून वर्षे गेली. परंतु डब्यावर मधमाशीचे चित्र आणि 'फुलोऱ्यात फवारू नये. अपरिहार्य असल्यास माश्या परतल्यावर, सायंकाळी फवारावे' एवढे ठळक मराठी वाक्य छापण्यास नवा कायदा लागत नाही. नियम करण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे आजही आहे. राज्याच्या कृषी खात्याने मधपेट्यांचे अनुदान देताना परिसरातील कृषी सेवा केंद्रांना हीच सूचना दिली, तर मांघरच्या फलकाला काही अर्थ येईल.