गदारोळ आणि शिरगणती

लोकसभेच्या १९८ व्या नियमाचा अर्थ सरळ आहे. अविश्वासाच्या ठरावासाठी किमान पन्नास सदस्य आपल्या जागी उभे राहिले की सभापतींनी अनुमती जाहीर करावयाची आणि दहा दिवसांच्या आत तो चर्चेस घ्यावयाचा. २०१८ च्या मार्चमध्ये तेलुगू देसम व वायएसआर काँग्रेसच्या सदस्यांनी अशा सूचना दिल्या. त्या अधिवेशन संपेपर्यंत अडून राहिल्या. निराळ्याच मागण्यांसाठी इतर काही पक्षांचे सदस्य सभापतींच्या आसनापुढे घोषणा देत होते. सभागृह शांत नसल्याने उभ्या सदस्यांची गणती करता येत नाही, असा सभापती सुमित्रा महाजन यांचा निर्णय होता.

तो नियमबाह्य होता असे म्हणवत नाही. परंतु त्याच अधिवेशनात, १४ मार्चला, अशाच गदारोळात वित्त विधेयक चर्चेविना आवाजी मतदानाने संमत झाले होते. ज्या गोंगाटात डोळ्यांना पन्नास माणसे मोजता येत नाहीत, त्याच गोंगाटात ‘होय’ अधिक की ‘नाही’ अधिक हे कानांना कळावे, हा मोठाच चमत्कार! सरकारच्या स्थैर्याचा येथे प्रश्नच नव्हता. २० जुलैला ठराव मतास टाकला गेला तेव्हा तो ३२५ विरुद्ध १२६ मतांनी फेटाळला गेला. प्रश्न होता तो चर्चेच्या हक्काचा. आणि तो हक्क ओरडणाऱ्या कोणत्याही गटाच्या मर्जीवर सोपविला गेला.

राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी हेच वेगळ्या रूपाने घडले. कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी मागितली. ती मागणारे सदस्य आपापल्या जागी नाहीत, या कारणास्तव उपसभापती हरिवंश यांनी ती दिली नाही व विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. काही सदस्य जागेवरच होते, असे चित्रफितींच्या आधारे पुढे वृत्तपत्रांनी दाखविले. तोपर्यंत आठ सदस्य निलंबित झाले होते. केवळ कार्यपद्धतीतील दोषावरून संसदेचे कामकाज न्यायालयात नेण्यास घटनेचा १२२ वा अनुच्छेद मज्जाव करतो. तेव्हा इलाज नियमांतच शोधावा लागेल. एकाही सदस्याने मतविभागणी मागितली तर ती द्यावी, आणि शांतता नसेल तर गणतीबरोबर विधेयकही थांबवावे, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कृषी कायदे रद्द करणारे विधेयकही लोकसभेत काही मिनिटांत, चर्चेविना, आवाजी मतदानानेच संमत झाले.